स्केटबोर्ड गावात बनवायचा असेल तर आधी सांता क्रूझ कंपनीचा इतिहास वाचा

स्केटबोर्ड बनवायला निघालेला माणूस फळीपासून सुरुवात करतो. सुतार असेल तर नक्कीच करतो, कारण लाकूड समोर पडलेलं असतं आणि करवत हातात असते. चाकं काय, मागून कुठूनही आणू, असं वाटतं. हा क्रम पार उलटा करा. आधी चाक, मग बेअरिंग, मग ट्रक (म्हणजे फळीखालचा, चाकं धरणारा धातूचा सांगाडा) आणि सगळ्यात शेवटी फळी. अमेरिकेत हा धंदा जवळपास याच क्रमाने उभा राहिला. त्यातली एक कंपनी, कॅलिफोर्नियातली सांता क्रूझ, १९७३ पासून आजपर्यंत चालू आहे. तिचा इतिहास समोर ठेवला की आपल्या वर्कशॉपात काय बनवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे नीट कळतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला सुतार. वडील बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचे. मी दिवाळी ते होळी वडसाच्या नाटक मंडळ्यांच्या स्टेजचं काम करतो, पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करतो आणि मधल्या दिवसांत दारं-चौकटी. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याच्या बोर्डाची फळी चिरली आणि "मामाजी, एवढी एक बनवून द्या" म्हणून तो ती घेऊन आला, तिथून मला हा नाद लागला. आता गावातली पोट्टे माझ्याच फळ्यांवर फिरतात. खाली लिहिलंय ते हाताखालून गेलेलं आहे.

५०० नगांची ऑर्डर

सांता क्रूझ हे कॅलिफोर्नियातलं समुद्रकाठचं गाव. लाटांवर फळी घेऊन उभं राहणाऱ्यांचं, म्हणजे सर्फिंगवाल्यांचं. त्याच मंडळींपैकी तिघांनी, रिचर्ड नोव्हाक, डग हॉट आणि जे शुअरमन यांनी, आपल्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून एनएचएस नावाची कंपनी काढली होती. १९७३ मध्ये त्यांना हवाई बेटांवरून ५०० स्केटबोर्डांची ऑर्डर आली. माल गेला, लवकर संपला, परत मागणी आली. सांता क्रूझ स्केटबोर्ड्स हा धंदा असा सुरू झाला.

यातून पहिलं शिकायचं ते हे की ऑर्डर आधी आली आणि कारखाना नंतर वाढला. आपणही तसंच करावं. पन्नास फळ्या करून भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्याकडच्या हवेत त्या वर्षभर सरळ राहणारच नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, लाकूड कोरडं ठणठणीत होतं. जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. शाळेच्या क्रीडा शिक्षकांशी बोला, तालुक्याच्या जिमवाल्याशी बोला, चार जणांनी पक्कं सांगितलं की चार करा.

दुसरं म्हणजे हे तिघं सगळं स्वतः बनवायला गेले नाहीत. ज्याला जे येतं ते त्याच्याकडून घेतलं, जोडलं, सुधारलं. पुढं ट्रकच्या वेळी हे आणखी स्पष्ट दिसेल.

चाक: पैसे इथं घाला

पहिल्या स्केटबोर्डांना रोलर स्केटची लोखंडी चाकं होती. साठच्या दशकात मातीच्या मिश्रणापासून केलेली चाकं आली, त्यांना क्ले व्हील म्हणत. फरशीवर ठीक चालत, पण रस्त्यावर त्यांची पकड नसे आणि कडा झिजून तुकडे पडत. बारीकसा खडा चाकाखाली आला की फळी जागच्या जागी थांबे आणि वरचा पोरगा पुढं फेकला जाई. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अनेक शहरांनी स्केटबोर्डवर बंदी घातली आणि तेव्हाची लाट बसली. बऱ्याच कंपन्यांचा माल पडून राहिला.

खेळ परत उभा राहिला तो चाकामुळं. १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनिया राज्यातल्या पर्सेलव्हिल इथं क्रिएटिव्ह युरेथेन्स नावाच्या कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली पॉलियुरेथेनची चाकं दिसली. त्याने ती आपल्या फळीला लावून पाहिली. खडा आला तरी चाक त्यावरून निघून जात होतं, वळणावर घसरत नव्हतं. मग तो कॅलिफोर्नियात गेला आणि कॅडिलॅक व्हील्स या नावाने तीच चाकं विकू लागला. सांता क्रूझला ५०० फळ्यांची ऑर्डर आली तीही याच काळात. चाक चांगलं झालं म्हणून फळी खपली, हे लक्षात ठेवा.

म्हणून चाक बनवायच्या भानगडीत पडू नका. लेथवर नायलॉनचं गोल चाक छान कापून मिळतं, दिसतंही सुंदर, पण सिमेंटवर ते घसरतं आणि पोरगा वळणावर आडवा होतो. गोदामातल्या ट्रॉलीचं चाकही नको. त्यात बेअरिंगची जागा वेगळी आणि रबर भलतंच कडक. लाकडी चाक तान्ह्या पोळ्याच्या नंदीला शोभतं, कारण नंदीला दोरीने ओढायचं असतं आणि त्याच्यावर कुणी उभं राहत नाही.

विकत घेताना दोन आकडे पाहा. पहिला व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, ज्याच्यापुढं ए लिहिलेलं असतं. शहरातल्या गुळगुळीत स्केटपार्कसाठी ५२ मिमी आणि ९९ए असं छोटं कडक चाक वापरतात. आपल्याकडं ते उपयोगाचं नाही. ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्याला सांधे असतात, चौकात गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवलेले असतात, डांबरी रस्त्याची वरची गिट्टी उघडी पडलेली असते. अशा जागी ६० मिमीच्या आसपासचं ७८ए चं मऊ चाक घ्या. दुकानदार त्याला क्रूझर व्हील म्हणतो. गट्टूवरून जाताना आवाज निम्मा होतो, दात वाजत नाहीत, आणि नवशिक्या पोराचा धीर टिकतो.

बेअरिंग

सुरुवातीच्या चाकांत सुट्या गोळ्या असायच्या. वाटीत गोळ्या ठेवायच्या, कोन आवळायचा. थोडं ढिलं राहिलं की चालता चालता गोळ्या रस्त्यावर सांडत. १९७४-७५ च्या सुमारास एनएचएसने रोड रायडर नावाचं चाक बाजारात आणलं, ज्यात बंद प्रिसिजन बेअरिंग सरळ दाबून बसवलेलं होतं. त्यानंतर सुट्या गोळ्या परत कुणी मागितल्या नाहीत. माझ्या मते या कंपनीने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. चित्रं आणि नावं नंतरची.

आपल्यासाठी आनंदाची गोष्ट अशी की आजही तेच माप चालतं: नंबर ६०८. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हे कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, त्यासाठी स्केटबोर्डचं दुकान शोधावं लागत नाही. पंख्याचं किंवा मोटारीचं बेअरिंग घेऊन जाऊ नका, ती ६२०१, ६२०२ असतात आणि चाकात बसत नाहीत. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं ६०८-२आरएस मागा. धानाच्या सीझनमध्ये आपल्याकडं हवेत कोंडा असतो, रस्त्यावर राखड असते. पत्र्याच्या झाकणातून ती आत जाते, रबरातून कमी जाते.

एका बोर्डाला आठ लागतात. बसवताना हातोडी मारायची नाही. ट्रकच्या दांड्यावर बेअरिंग ठेवा, वरून चाक सरळ दाबा, मग चाक उलटं करून दुसरी बाजू. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर म्हणून छोटी नळी येते, ती टाकून देऊ नका. तिच्यामुळं नट आवळला तरी बेअरिंगवर आडवा ताण येत नाही.

पावसात भिजलं तर त्याच रात्री काढा. झाकण टाचणीने अलगद उचला, पेट्रोलमध्ये हलवून धुवा, सावलीत वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. हे काम उघड्यावर करा आणि जवळ कुणाला बिडी पेटवू देऊ नका. बंडीच्या चाकाचं ग्रीस यात भरलं तर चाक जड होतं आणि धूळ चिकटून बसते.

ट्रक, म्हणजे खालचा ॲल्युमिनिअमचा सांगाडा

नंदीच्या पाटाखालचा दांडा पक्का असतो, पाट जिकडं ओढाल तिकडं सरळ जातो. स्केटबोर्ड मात्र वळतो तो पायाच्या दाबाने. डाव्या कडेवर भार दिला की पुढचा दांडा एका अंगाला आणि मागचा दुसऱ्या अंगाला तिरपा होतो. ही करामत ट्रक करतो. खाली बेसप्लेट, तिच्यातून निघालेला मधला जाड बोल्ट म्हणजे किंगपिन, त्याच्यावर दोन रबरी बुशिंग आणि त्यांच्यामध्ये दांडा धरणारा हँगर. बुशिंग दबलं की हँगर फिरतो, भार काढला की परत जागेवर येतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चाक सुधारलं तरी ट्रक रोलर स्केटवरूनच आलेले होते, अरुंद आणि नाजूक. वेग वाढला तसे ते मोडू लागले. १९७५ मध्ये ट्रॅकर कंपनीने खास स्केटबोर्डसाठी रुंद ट्रक आणला. १९७८ मध्ये इंडिपेंडंट आला, जो आजही सगळीकडं दिसतो. तो सांता क्रूझवाल्या नोव्हाक आणि शुअरमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फाउस्टो विटेलो आणि एरिक स्वेन्सन यांच्याबरोबर मिळून काढला. फळी आणि चाक कळणारे एकीकडं, धातू ओतणारे दुसरीकडं, अशी ती जोडी होती. सांता क्रूझवाल्यांनी स्वतःच भट्टी पेटवली असती तर तो ट्रक इतका टिकला असता असं मला वाटत नाही.

इथंच आपल्यासाठी सगळ्यात कडक सूचना आहे. गावात भांडी ओतणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून ट्रक ओतून घेऊ नका. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बाहेरून दिसत नाही, आणि हँगर मोडतो तो नेमका उतारावर, पोरगा वेगात असताना. वेल्डिंग करून लोखंडी ट्रक बनवणारेही भेटतात. जड होतो, बुशिंगची जागा बरोबर येत नाही, बोर्ड सरळ चालत नाही. खेळण्याच्या दुकानातले प्लास्टिक ट्रकही नकोत. ट्रक विकत घ्या.

मापाचा नियम सोपा: ट्रकच्या दांड्याची पूर्ण लांबी फळीच्या रुंदीएवढी. आठ इंची फळीला आठ इंची दांडा. लहान पोरांचं वजन कमी, म्हणून त्यांना मऊ बुशिंग घाला, नाहीतर त्यांच्या भाराने बोर्ड वळतच नाही आणि ते कमरेतून जोर लावत बसतात.

फळी: इथं सुतार लागतो

आता आपलं काम. आधी कोणतं लाकूड नको ते सांगतो, कारण झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातला, माणूस म्हटलं की सागवान पुढं करतो. सागाची एकसंध फळी कापून बोर्ड करू नका. सगळ्या शिरा एकाच दिशेने धावतात आणि बोल्टांच्या ओळीतून ती उभी चिरते. शिवाय सागात तेल असतं, पांढरा गोंद त्यावर मनापासून धरत नाही. धावडा चिवट आहे, बंडीच्या आसाला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला तोच वापरतात. पण एकसंध फळी म्हणून तोही उभाच चिरतो आणि वजनाला भारी. आणि काहीही वापरा, जंगलातून आणू नका. आरामशीनवरून पावतीचं लाकूड घ्या, लांबून आणणार असाल तर वाहतूक परवाना बघून घ्या.

जुन्या अमेरिकन फळ्याही एकसंधच असायच्या आणि त्याही चिरायच्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या विली विंकल यांनी मेपलचे पातळ थर एकावर एक चिकटवून फळी केली आणि हळूहळू सगळ्यांनी तीच पद्धत घेतली. मेपल थंडीत सावकाश वाढतं, म्हणून घट्ट असतं. आज नेहमीच्या फळीत सात थर असतात. पाच थरांच्या शिरा लांबीच्या दिशेने, दोन थरांच्या आडव्या. लांबीचे थर लवचिकपणा देतात, आडवे थर फळीला उभं चिरू देत नाहीत. या दोन आडव्या थरांमध्येच फळीचा जीव आहे.

मेपलचे थर आपल्याकडं मिळत नाहीत. मी ३ मिमीचा मरीन प्लाय वापरतो, चार पत्रे. प्रत्येक पत्र्यात आतला थर आडवा असतोच, त्यामुळं वरच्या शिरा लांबीला ठेवल्या की हिशोब बसतो. प्लाय घेताना कड नीट पाहा. आत पोकळी दिसली, तुकडे जोडलेले दिसले, तर तो पत्रा परत द्या. पत्रा हातात धरून बोटाने टिचकी मारत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. शोभेचा सागवानी विनिअर कागदाएवढा पातळ असतो, त्याने ताकद येत नाही.

बांबूही चालतो. मानवेलाची जाड भिंत असते, त्याच्या पट्ट्या रंधून, शेजारी शेजारी चिकटवून मधला थर करता येतो, वरखाली प्लाय. पट्ट्या आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवाव्या लागतात, नाहीतर पावसाळ्यानंतर भुंगा भुसा पाडतो. ज्यांना बांबूचं काम शिकायचं आहे त्यांच्यासाठी चिचपल्लीचं बांबू प्रशिक्षण केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. पण पहिली फळी प्लायचीच करा.

साचा असा करा. स्टेजच्या कामातून उरलेले १८ मिमी प्लायचे तुकडे दहा इंच रुंदीचे कापा, एकावर एक स्क्रूने जोडा, आणि मागच्या सहा इंचात वर जाणारा उतार रंध्याने काढा. हा उतार म्हणजे टेल. मकाहा कंपनीचे लॅरी स्टीव्हन्सन यांनी १९६९ मध्ये अशी उचललेली शेपटी काढली. पुढं १९७८ च्या सुमारास फ्लोरिडात ॲलन गेलफंड यांनी हात न लावता फळी हवेत उचलून दाखवली आणि रॉडनी मलन यांनी तीच उडी सपाट जमिनीवर आणली. टेलशिवाय त्यातलं काही होत नाही. उतार एकदम मोडू नका, चार इंचांच्या अंतरात हळूहळू चढवा. तीन मिमीचा प्लाय तेवढा वाकतो, त्याहून तीव्र कोनात त्याचा वरचा थर तडकतो. फळीला आडवा खोलगटपणा द्यायचा मोह पहिल्या वेळी टाळा. दोन दिशांनी एकदम वाकवणं जाड प्लायला झेपत नाही. साच्याचा वरचा अर्धा भाग खालच्याशी जुळणारा करा, मध्ये १२ मिमी जागा धरून.

पत्रे कापताना फळीच्या मापाहून सगळ्या बाजूंनी इंचभर जास्त ठेवा. गोंद पाण्यात टिकणारा, निळ्या डब्यातला मरीन फेविकॉल. आता वेळेचं बघा. उन्हाळ्यात दुपारी गोंद लावला तर चौथ्या पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यावर साय धरते, आणि तो जोड सहा महिन्यांनी उघडतो. पहाटे करा, अंगणात सडा पडायच्या वेळेला. पत्र्याची दातेरी पट्टी घेऊन गोंद सारखा पसरवा, प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना. साच्याला गोंद चिकटू नये म्हणून प्लास्टिकचा कागद घाला. दाब सगळीकडं सारखा जावा म्हणून वर जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या पसरवा.

दाबायला फॅब्रिकेशनवाल्याकडून चॅनेलची चौकट करून घ्या आणि दहा टनी जॅक लावा, ट्रॅक्टरवाल्यांकडं असतोच. जॅक नसेल तर दर तीन इंचांवर सी-क्लॅम्प. कडेने गोंद मण्यांसारखा सारखा बाहेर यायला हवा. एखाद्या ठिकाणी आला नाही तर तिथं दाब पोचलेला नाही, लगेच आवळा. चोवीस तास तसंच ठेवा. काढल्यावर लगेच कापू नका. आठवडाभर सावलीत, पाट्यावर, वजन ठेवून राहू द्या. गोंदातलं पाणी निघून जाईपर्यंत फळी थोडी हलते.

मापं सुतांत सांगतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लांबी ३२ इंच, रुंदी ८ इंच. बाजारातल्या फळीची जाडी साधारण साडेतीन सूत असते, आपली थोडी जास्त भरेल, चालेल. ट्रकच्या चार भोकांचा चौकोन लांबीला दोन इंच एक सूत आणि रुंदीला दीड इंच एक सूत. पुढच्या ट्रकची आतली भोकं आणि मागच्या ट्रकची आतली भोकं यांच्यात १४ इंच. सगळं मध्यरेषेवरून मोजा, कडेवरून मोजू नका, कारण कड अजून घासायची आहे. भोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतील तर बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढतो. बिट ५ मिमी, वरून खाली, खाली टाकाऊ फळी धरून. बोल्टचं डोकं बुडेल एवढाच वरचा खळगा करा. ट्रकबरोबर बोल्ट आले नसतील तर पाच मिमीचे सव्वा इंची चालतात.

जिगसॉने कापा, कानशीने आणि पॉलिश पेपरने कडा गोल करा. कडांतूनच पाणी आत शिरतं, म्हणून कडांना लॅकरचे तीन हात द्या, खालच्या अंगाला दोन. वरून ग्रिप टेप. ती मिळाली नाही तर पायऱ्यांवर लावायची खरखरीत अँटी-स्लिप टेप शेजारी शेजारी लावा. कडेवर कानस फिरवली की पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवरून ब्लेडने कापा.

चित्र

सांता क्रूझचं नाव जगभर झालं त्यात जिम फिलिप्स या चित्रकाराचा मोठा वाटा आहे. तोंड उघडून किंचाळणारा निळा पंजा त्यांनी १९८५ मध्ये काढला, आणि ज्याने कधी बोर्डावर पाय ठेवला नाही तोही ते चित्र ओळखतो. ते चित्र आपल्या फळीवर उतरवू नका, ते त्यांचं आहे. आपल्याकडं नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर आहेत. पावसाळ्यात त्यांच्या हाताला काम कमी असतं. त्यांच्याकडून ताडोबाचा वाघ काढून घ्या, झूल घातलेला बैल काढून घ्या, राजवाड्याचा पडदा काढून घ्या. एनॅमल रंग आणि वर लॅकर. मी फळीच्या किमतीत पेंटरची मजुरी वेगळी दाखवतो आणि कोपऱ्यात त्याची सही घेतो. ही सही मला फार महत्त्वाची वाटते.

जोडणी आणि जागा

दोन्ही ट्रकचे किंगपिन एकमेकांकडं, फळीच्या मध्याकडं तोंड करून असावेत. एक उलटा लागला तर बोर्ड वळायला नकार देतो. ६० मिमीच्या चाकाला ट्रक आणि फळीच्या मध्ये दोन सुतांचा रायझर पॅड हवा, नाहीतर जोरात वळताना चाक फळीला घासून जाम होतं. पॅड घातला की बोल्टही तेवढे लांब घ्या. चाकाचा नट पूर्ण आवळून पाव फेरा मागे सोडा. चाक हाताने हलवलं की किंचित टकटक जाणवली पाहिजे. शेवटी फळी दोन विटांवर ठेवून वजनदार माणसाला हळूच मध्यावर उभं करा. फळी थोडी लवली तर चालेल, कडकड आवाज आला तर ती फळी पोरांना देऊ नका.

जागेसाठी राइस मिलवाल्याला भेटा. उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाच्या मिलमध्ये वाळवणीचा सिमेंटचा मोठा ओटा असतो, एकदम गुळगुळीत. धान नसताना संध्याकाळी दोन तास द्यायला बहुतेक मालक तयार होतात, फक्त झाडून देण्याची जबाबदारी पोरांची. आठवडी बाजाराचे ओटे बाजार नसलेल्या दिवशी चालतात. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. मोटारसायकलचं मोठं हेल्मेट नको, मान दुखते, सायकलचं घ्या. पहिला आठवडा हराळीवर नुसतं उभं राहणं आणि उतरणं.

मुलींना आधी बोलवा. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभारला, तिथले दोन नियम मला पटले: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. एखादा बाप कुरकुरला तर त्याला हे सांगा, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया या जपानी मुलीने तेराव्या वर्षी स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक घेतलं तेही सांगा.

मोडलेली फळी परत मागवा

१९८० च्या सुमारास अमेरिकेत विम्याच्या खर्चाने स्केटपार्क बंद पडत गेले आणि पुन्हा मंदी आली. सांता क्रूझ टिकली, कारण तिच्याकडं फळीशिवाय चाकं आणि ट्रकही होते, आणि वापरणारे काय मोडून आणतात याकडं तिचं लक्ष होतं, असं माझं वाचन आहे. आपण चाक-ट्रक बनवत नाही, पण दुसरी गोष्ट करू शकतो. प्रत्येक फळीखाली तारीख आणि नंबर टाका, वहीत प्लाय कुठला, गोंद कुठला, हवा कशी होती ते लिहा, आणि मोडली की घेऊन यायला सांगा.

बोल्टांच्या ओळीत उभी चीर असेल तर आडवा थर पोकळ होता किंवा बोल्ट जास्त आवळले. कडेने पापुद्रे सुटत असतील तर गोंदावर साय धरली होती किंवा पोरगं ओल्यात चालवत होतं. वहीतली तारीख मे महिन्याची असेल तर पहिलं कारण धरा. बरोबर मध्यावर आडवी तुटली तर उडी मारून उतरताना दोन्ही पाय ट्रकवर न पडता मध्ये पडले, तिथं फळीचा दोष नाही, पोराला पाय कुठं टाकायचे ते दाखवा. टेलचं टोक घासून सुरीसारखं धारदार झालं असेल तर फळी चांगली आहे, ती रोज वापरली जाते आहे. टोक अर्धा इंच कापून परत गोल करा, लॅकरचा हात द्या आणि त्याच दिवशी परत देऊन टाका.